सतरा डोळे

तोंडं मला अर्धीच माहीत आहेत, मास्कच्या वरची.
हात मात्र पुरते.
बावीस वर्षं झाली, सिंदेवाहीच्या या ओटीत
हत्यारं हातात देते आहे मी.
कुणाचा तळवा कोरडा,
कुणाचा ग्लोव्हजच्या आत भिजलेला,
चिमटा सोडतानाच कळतं.

मार्चची एकोणतीस. टार्गेटला चाळीस कमी.
चंद्रपूरहून फोन : काहीही करा, आकडा भरा.
गाडी भरून माणसं आली, कपाळावर चिकटपट्टी,
ज्या डोळ्याचं करायचं त्या बाजूला.
एसी जरा चालतो, जरा विचार करतो.

लाकडे मॅडम मान न वळवता नऊ करतात.
मानेला पट्टा, पट्ट्यावर गाऊन.
मुलीची नववीची परीक्षा, नागपुरात, आज भूमिती.
दोन डोळ्यांच्या मध्ये, टेबल बदलताना
त्या विचारतात, "किती वाजले?"
मी सांगते.
"सुटला असेल पेपर," म्हणतात
आणि पुढच्या बुबुळावर वाकतात.

गेडाम नवा. बॉण्डचं वर्ष,
चपला अजून हॉस्टेलच्याच.
सहाव्या डोळ्याला त्याच्या हातून मागची पिशवी फाटली.
असं मोठ्यानं म्हणत नाहीत.
पेशंट जागी असते, कापडाखाली कान उघडे.
तो एवढंच म्हणाला, "सिस्टर, सरांना बोलवा जरा."
त्या 'जरा'ला घाम फुटला होता.

वासेकर सर आले. स्टूलावरची माणसं बदलली.
बाहेर आलेला गर कापला, भिंग बसवलं,
आणि बसवता बसवता विचारलं,
"काय भागरताबाई, मोहफुलं पडतात का तिकडे?"
"पडते नं जी," कापडाखालून आवाज आला,
"पन वेचाले दिसलं पायजे नं."
गेडाम भिंतीला टेकून
स्वतःच्या हातांकडे पाहत होता,
कुणी ठेवायला देऊन गेल्यासारखे.

सरांना अठरा महिने उरलेत.
मागच्या पोळ्याला, हात धुताना म्हणाले होते,
"बाहेर थरथरतो, आत गेला की थांबतो. पाहिलंस ना?
थांबायला वेळ लावू लागला, की मला सांगायचं.
दुसरं कुणी सांगणार नाही."
मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

तेव्हापासून मोजते.
पातं त्यांच्या बोटांत ठेवते,
ते डोळ्याच्या कडेशी थबकतात,
हात निवेपर्यंत मी मनात आकडे म्हणते.
पोळ्याला एक.
संक्रांतीला दोन.
काल, भागरताबाईच्या वेळी, पाच.

रात्री गेडाम वॉर्डात बसला होता,
सहा नंबरच्या कॉटपाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर.
डबा तसाच. दर तासाला टॉर्च लावायचा,
पट्टी बघायचा, विझवायचा.
पट्टीत काय दिसणार?
व्हरांड्यात मॅडम फोनवर,
मानेचा पट्टा हातात घेऊन विचारत होत्या,
"पण कुठलं प्रमेय? कुठलं सुटलं नाही?"

सकाळी पट्टी काढली.
किती बोटं? "दोन... नाही जी, तीन."
मग भागरताबाईनं त्याला न्याहाळलं,
वरपासून खालपर्यंत, अगदी चपलांपर्यंत.
"बाप्पा! तू तं पोट्टाच हाय रे!"
वॉर्ड हसला.
तोही हसला, थोडा उशिरा.

सर बेसिनपाशी, कोपरापर्यंत फेस.
आजच्या यादीची पहिली बाई आत झोपलेली.
नळाकडे बघतच विचारलं,
"किती?"

पाच माझ्या जिभेवर होते.

"सतरा, सर," मी म्हटलं. "तेवीस उरले."
त्यांनी मान हलवली.
फेस केव्हाच धुतला गेला होता.
कोपरानं बंद करायचा नळ
त्यांनी तसाच वाहू दिला.